टॅबलेटची तडकलेली काच: स्वतः बदलावी की नाही, हे कशावरून ठरवावे?

वाचनवेडी

माझ्याकडे नवव्या पिढीचा, म्हणजे २०२१ सालचा आयपॅड आहे. तो टेबलावरून कोपऱ्यावर पडला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यापासून निघालेली तड तिरकी वर जाऊन जवळजवळ मधोमध थांबली आहे. चित्र पूर्वीइतकेच स्वच्छ दिसते. परंतु उजव्या कडेजवळची साधारण बोटभर रुंदीची एक उभी पट्टी स्पर्शाला दाद देत नाही. कोपऱ्यातली काच चुरल्यासारखी झाली असून तिथे हात फिरवला की बारीक कण बोटाला लागतात.

काच स्वतः बदलण्याचे काही व्हिडिओ मी पाहिले आहेत. लॅपटॉपची रॅम आणि हार्ड डिस्क मी बदललेली आहे, त्यामुळे स्क्रू आणि कनेक्टर यांची भीती वाटत नाही. मात्र डिंकाने चिकटवलेले कोणतेही उपकरण आजवर उघडलेले नाही. अधिकृत केंद्रात नुसती काच बदलून न देता बहुधा अख्खा टॅबलेटच बदलून देतात असे समजले, आणि इतक्या जुन्या टॅबलेटवर तेवढा खर्च करणे मनाला पटत नाही. बाहेरच्या कारागिराकडे द्यावा, स्वतः करावे, की तसाच वापरत राहावे? "करून टाका" किंवा "नादी लागू नका" एवढ्यावर न थांबता, हा निर्णय नेमका कशावरून घ्यावा हे जाणकारांनी सांगितले तर फार उपयोग होईल.

सुटेभाग

ताई, मी फोन आणि टॅबलेट दुरुस्तीचेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हा निर्णय हातातल्या कौशल्यापेक्षा नेमका कोणता थर फुटला आहे आणि तो थर खालच्या थरापासून सुटा होतो की नाही, यावर जास्त अवलंबून असतो. लोक आधी सुटा भाग मागवतात आणि मग टॅबलेट उघडून पाहतात. क्रम उलटा हवा.

आपण ज्याला सरसकट स्क्रीन म्हणतो ती तीन थरांची असते. सर्वांत वर कडक काच, तिच्या पाठीमागे स्पर्श ओळखणारी पारदर्शक जाळी, आणि त्याखाली चित्र दाखवणारे पॅनेल. काच तडकली तरी चित्र शाबूत असेल, तर पॅनेल वाचले आहे असे समजायला हरकत नाही. शाई सांडल्यासारखे काळे डाग, उभ्या-आडव्या रंगीत रेघा, किंवा एखाद्या भागात मंदावलेला उजेड दिसत असेल, तर पॅनेललाही मार बसला आहे. स्पर्शाची जाळी ही उभ्या-आडव्या सूक्ष्म वाहक पट्ट्यांची असते, त्यामुळे तड जिथून जाते तिथली पट्टी तुटली की तिच्या संपूर्ण लांबीवर स्पर्श मरतो. आपली उभी मृत पट्टी याच प्रकारातली दिसते.

आता दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग. काही टॅबलेटांत काच आणि पॅनेल पारदर्शक डिंकाने एकजीव केलेले असतात, तर काहींत त्या दोहोंमध्ये हवेची पातळ फट असते. आपल्या मॉडेलमध्ये ही फट आहे. नुसती काच, टचसकट, काढता येते आणि पॅनेल तेच राहते. आयपॅड एअर २०१४ च्या दुसऱ्या पिढीपासून, आयपॅड मिनी २०१५ च्या चौथ्या पिढीपासून आणि आयपॅड प्रो अगदी पहिल्यापासून एकजीव पडद्यांचे आहेत; तिथे काच फुटली तर व्यवहारात संपूर्ण जोडच बदलावा लागतो. ज्यांना आपल्या टॅबलेटबद्दल खात्री नसेल त्यांनी पडदा चालू ठेवून अगदी तिरप्या कोनातून पाहावे. फट असेल तर चित्र काचेच्या किंचित खाली, आत बसल्यासारखे दिसते. पडदा एकजीव असेल तर ते काचेच्या पृष्ठभागावरच छापल्यासारखे वाटते.

भाग मागवण्यापूर्वी आपण तीन गोष्टी पाहाव्यात आणि इथे कळवाव्यात. एक, मृत पट्टी सोडून बाकी सर्वत्र स्पर्श चालतो का. यासाठी एखादे चिन्ह बोटाने दाबून धरावे आणि ते सबंध पडद्यावर सावकाश फिरवावे, जिथे ते बोटातून निसटते तिथे टच मेला आहे. दुसरे, अंधाऱ्या खोलीत पूर्ण उजेडावर एकदा पांढरा आणि एकदा काळा पडदा उघडून डाग दिसतात का ते पाहावे. तिसरे म्हणजे टॅबलेट सपाट पृष्ठभागावर ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून त्याच्या चारही कडा न्याहाळाव्यात. काच कुठे उचललेली आहे का आणि ज्या कोपऱ्यावर मार बसला तिथली धातूची चौकट आत दबली आहे का, हे त्यातून कळेल.

निळावंती

मला इथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे, कारण अशा चर्चांमध्ये बॅटरीचा विषय शेवटी एका ओळीत उरकला जातो. या टॅबलेटमध्ये ३२.४ वॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी आहे आणि तिने पाठीमागच्या कवचाचा बराचसा भाग व्यापलेला असतो. तिच्यावर धातूचे कडक आवरण नसते, नुसती मऊ पिशवी असते. काचेचा डिंक सैल करण्यासाठी उष्णता द्यावी लागते, आणि लिथियम-आयन बॅटऱ्यांना ६० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान मानवत नाही. हाताशी धातूची धारदार पाती असताना एका चुकीच्या दाबाने पिशवीला छिद्र पडले, तर आतले थर एकमेकांना भिडून आग लागू शकते, आणि तिचा धूर विषारी असतो.

शिवाय फुटलेल्या काचेची उचलाउचल ही डोळ्यांच्या दृष्टीने धोक्याची गोष्ट आहे. व्हिडिओत बहुधा आधी न फुटलेली किंवा एकाच तडीची काच निघताना दिसते. चुरलेली काच एकसंध निघत नाही, ती तुकड्या-तुकड्यांनी तडतड उडते. ज्यांनी डिंकाचे उपकरण कधी उघडलेले नाही त्यांनी पहिला प्रयोग रोजच्या वापरातल्या, सर्व माहिती साठवलेल्या टॅबलेटवर करू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. कारागिराला दिलेली मजुरी ही त्याच्या सरावाची किंमत असते.

दीपस्तंभ

स्वतः करा वा कारागिराकडे द्या, त्याआधी माहितीची प्रत काढून ठेवा. आणि हे आजच करा, कारण तड जागच्या जागी राहत नाही. उद्या मृत पट्टी पासकोडच्या आकड्यांवर आली तर अडचण होईल.

दोन बारकावे सांगतो. टॅबलेट मुद्दाम बंद करू नका आणि त्याची बॅटरी पूर्ण संपू देऊ नका. पुन्हा सुरू केल्यानंतर पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही, पासकोडच द्यावा लागतो. तसेच तासाभरापेक्षा जास्त वेळ कुलूपबंद राहिलेला आयपॅड नव्याने जोडलेले यूएसबी उपकरण सहसा पासकोड दिल्याशिवाय स्वीकारत नाही, त्यामुळे "टच गेलाच तर बाहेरून कीबोर्ड जोडू" ही आशा ऐन वेळी फोल ठरू शकते. आकडा मृत पट्टीखाली आलाच, तर टॅबलेट आडवा किंवा उलटा फिरवून पाहावा. आकड्यांची जागा फिरते, मृत पट्टी मात्र काचेला बांधलेली असते. आयक्लाउडची प्रत आधीपासून चालू असेल, तर वाय-फायवर चार्जिंगला लावून ठेवलेला टॅबलेट कुलूप असतानाही ती काढतो; तिची ताजी तारीख मात्र सेटिंग्जमध्ये स्वतः पाहून घ्या. अँड्रॉइडवाल्यांचे काम त्या मानाने सोपे आहे, कारण बहुतेक टॅबलेटांना साधा यूएसबी माउस जोडून पडदा चालवता येतो.

वाचनवेडी

सर्वांचे आभार. प्रत काल रात्रीच काढली आणि तिची तारीख तपासली.

सुटेभागदादा, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. चिन्ह फिरवताना ते फक्त त्याच उभ्या पट्टीत निसटते, बाकी सर्वत्र नीट फिरते. पांढऱ्या पडद्यावर एकही डाग नाही; काळ्या पडद्यावर कोपऱ्याजवळ किंचित उजेड झिरपल्यासारखा वाटतो, पण तो पूर्वीपासून असावा असे वाटते. कडा सपाट आहेत, काच कुठेही उचललेली नाही. चौकट मात्र कोपऱ्यात दबलेली आहे. नखाने चाचपले तर धातूची एक बारीक कड आतल्या बाजूला वळलेली जाणवते. एवढ्याने बिघडते का?

निळावंतीताई, आपला मुद्दा मी गांभीर्याने घेत आहे. मला नेमके हेच समजून घ्यायचे आहे की या कामात बॅटरीला कुठे कुठे धोका संभवतो.

सुटेभाग

निळावंतीताईंनी सांगितलेला धोका खरा आहे आणि तो कमी लेखू नये. फक्त तो कुठे असतो ते पाहू, म्हणजे निर्णय घेणे सोपे जाईल. या मॉडेलमध्ये बॅटरी सर्वांत मागे आहे, तिच्यावर पॅनेल आणि पॅनेलच्या वर काच. काच काढताना आपले हत्यार काठावरच्या डिंकाच्या अरुंद पट्टीतच फिरले पाहिजे, बॅटरीपर्यंत जाण्याचे त्याला काही कारण नाही. धातूचे पाते आत खोल खुपसले तरच अनर्थ होतो. म्हणून काठासाठी प्लॅस्टिकची पातळ पाकळी वापरतात, गिटार वाजवायची असते तशी, आणि तीही डिंकाच्या रुंदीपेक्षा आत जाऊ देत नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणून ठेवावा, म्हणजे काही विपरीत घडलेच तरी बॅटरीत साठवलेली ऊर्जा कमी असते. उष्णता काचेच्या मधोमध न देता फक्त कडेवर, थोडी थोडी, फिरती द्यावी. हा डिंक साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडतो आणि काच हाताला जेमतेम सोसवेल इतकी तापली की पुरते. हीट गनपेक्षा नवशिक्याने हेअर ड्रायर किंवा गरम करून कडेवर ठेवायची जेलची पिशवी वापरावी. काम सावकाश होते, पण तापमान हाताबाहेर जात नाही.

बॅटरी फुगलेली असेल तर मात्र चर्चा तिथेच थांबते. काच एखाद्या कडेने उचललेली असणे, टॅबलेट सपाट टेबलावर डुगडुगणे, किंवा पडण्याचे काही कारण नसताना काच आपोआप तडकणे, ही तिची लक्षणे आहेत. असा टॅबलेट चार्जिंगला लावू नये, तापवू नये, आणि घरी उघडूही नये. आपल्या बाबतीत कडा सपाट आहेत, हे चांगले आहे.

दबलेल्या चौकटीचे उत्तर मात्र "होय, बिघडते" असे आहे. नवी काच दुमडलेल्या धातूवर टेकली की तिच्या एकाच बिंदूवर कायमचा ताण राहतो. कधी बसवतानाच, तर कधी काही दिवसांनी हात लागल्यावर त्याच कोपऱ्यातून तिला तड जाते. पुष्कळांचे पहिले काम इथेच फसते आणि दोष काचेच्या दर्जावर ढकलला जातो. तो कोपरा आधी बारीक कानशीने किंवा लहान पकडीने सरळ करावा लागतो, आणि ते करताना धातूचा कीस आत पडू नये म्हणून आतली बाजू चिकटपट्टीने झाकावी लागते. हे जमणार असेल तरच पुढे जावे.

गगनभरारी

विषयाला धरूनच विचारतो. माझ्याकडे गॅलेक्सी टॅब एस९ आहे, २०२३ चा. काच तडकली आहे, चित्र उत्तम आहे, टचही पूर्ण चालतो, फक्त पेन तडीजवळ कधी कधी अडखळते. वरची चर्चा वाचून वाटते की मीही नुसती काच बदलू शकेन. बाजारात त्याची सुटी काच मिळते असे दिसते.

सूक्ष्मदर्शी

कृपया तसे करू नका. सुटी काच मिळते याचा अर्थ ती घरी बदलता येते असा होत नाही. आपल्या टॅबलेटचा पडदा ॲमोलेड, म्हणजे ज्याचे बिंदू स्वतःच उजेड देतात अशा प्रकारचा आहे आणि काच त्याला पारदर्शक डिंकाने पूर्णपणे चिकटवलेली आहे. ती वेगळी करण्यासाठी कारखान्यात किंवा मोठ्या दुरुस्ती केंद्रात गरम तबकडीवर अत्यंत बारीक तार फिरवून डिंक कापतात, उरलेला डिंक पॅनेलवरून साफ करतात, निर्वात यंत्रात नवी काच दाबून बसवतात आणि मग दाबाच्या पात्रात हवेचे बुडबुडे घालवतात. ॲमोलेडचे पॅनेल कागदासारखे पातळ असते. ते किंचित वाकले किंवा त्याच्या काठाला ओरखडा गेला, की आत हवा आणि ओल शिरून काळा-जांभळा डाग पसरत जातो. म्हणजे आज शाबूत असलेले सर्वांत महाग अंग आपण सर्वांत स्वस्त अंगासाठी पणाला लावतो.

पेनचाही विचार करा. एस पेन ओळखणारा थर काचेत नसतो, तो पॅनेलच्या पाठीमागे असतो आणि विद्युतचुंबकीय पद्धतीने काम करतो. पडदा काढताना त्या थराला किंवा त्याच्या केबलला इजा झाली तर बोट चालेल, पेन चालणार नाही. शिवाय हा टॅबलेट आयपी६८ दर्जाचा आहे; एकदा उघडला की पाण्यापासूनचे ते संरक्षण राहिले असे गृहीत धरता येत नाही. बदलायचाच असेल तर काच, टच आणि पॅनेल यांचा संपूर्ण जोड बदलावा, आणि तो अधिकृत केंद्रातूनच करून घ्यावा. अपघाती नुकसानीचा विमा घेतलेला असेल तर आधी त्याची कागदपत्रे पाहा. साध्या हमीत पडझड बसत नाही, पण विमा असेल आणि आपण टॅबलेट उघडला असेल, तर दावाच उरत नाही.

कुतूहल

काच न बदलता तडीत भरायचे द्रव मिळते, अतिनील दिव्याखाली ते कडक होते म्हणतात. त्याने काम भागत नाही का? निदान तड वाढणे तरी थांबेल?

सूक्ष्मदर्शी

तड दिसायला थोडी पुसट होते, परंतु काचेची ताकद परत येत नाही. कारण ही काच साधी नसते. तयार झालेली काच सुमारे ४०० अंशांवर वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवून ठेवतात. पृष्ठभागाजवळचे सोडियमचे लहान आयन बाहेर पडून त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने बसतात. त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली राहतो आणि त्याचा तोल सांभाळण्यासाठी आतला गाभा कायम ताणाखाली असतो. ओरखडा वरच्या दाबाच्या थरात आहे तोवर काच टिकून राहते. तड त्या थरातून पार होऊन गाभ्यात शिरली, की आतला ताणच तिला पुढे ओढत नेतो. म्हणूनच थांबल्यासारखी वाटणारी तड पिशवीत थोडा दाब आल्यावर किंवा उन्हातून सावलीत आल्यावर आणखी बोटभर पुढे सरकलेली दिसते. द्रवाने भेग भरते, हा ताण तसाच राहतो. टूथपेस्टसारखे घरगुती उपाय तर तडीत पांढरी पूड भरून ठेवण्यापलीकडे काही करत नाहीत.

टॅबलेट तसाच वापरायचा असेल, तर त्यावर पारदर्शक फिल्म चिकटवणे हा त्यातल्या त्यात समंजस मार्ग आहे. कण बोटाला लागत नाहीत, तुकडे जागेवर राहतात आणि घाम किंवा ओल आत उतरण्याचा वेग कमी होतो. पट्टीतला गेलेला टच मात्र परत येणार नाही.

निळावंती

चौकट दबलेली आहे हे कळल्यावर माझे मत आणखी पक्के झाले आहे. गरम काच, चुरलेला कोपरा आणि वर धातू सरळ करण्याचे काम, इतके सगळे पहिल्याच वेळी एकत्र आले की हात थकतो, आणि मग घाई होते. कारागिराकडे देताना एवढे मात्र विचारून घ्या की तो नवी काच बसवण्यापूर्वी कोपरा सरळ करणार आहे का, आणि होम बटण जुनेच ठेवणार आहे का. उत्तर देताना जो चाचरेल त्याच्याकडे देऊ नका.

वाचनवेडी

होम बटणाचे काय असते? आणि सुट्या काचेचा दर्जा कसा ओळखावा? "मूळ" असे लिहिलेल्या काचा इतक्या ठिकाणी दिसतात की त्या सगळ्याच मूळ असतील यावर विश्वास बसत नाही.

सुटेभाग

बोटाचा ठसा ओळखणारे होम बटण त्याच टॅबलेटच्या मुख्य बोर्डाशी जोडी लावून दिलेले असते. नव्या काचेबरोबर आलेले बटण कळ म्हणून चालू शकेल, पण ठसा कधीच ओळखणार नाही. म्हणून जुने बटण जपून काढून नव्या काचेवर चढवायचे असते. ते काचेच्या पाठीला एका धातूच्या पट्टीने धरलेले असते आणि त्याची केसाइतकी नाजूक केबल काचेवर चिकटवलेली असते. तिथे थोडी उष्णता देऊन, पाकळी केबलच्या खालून सपाट सरकवत, डिंक सोडवत जावे लागते. केबलला धरून ओढले की ती तुटते, आणि तिला पर्याय नाही. सबंध कामात मी सर्वांत जास्त वेळ याच एका जागी घेतो.

मूळ काचेबद्दल सांगायचे तर, उत्पादकाने व्यक्तींना सुटे भाग विकण्याची योजना २०२२ मध्ये फोनपासून सुरू केली आणि आयपॅड तिच्यात २०२५ मध्ये आले, तेही नव्या मॉडेलांपुरते. त्यामुळे २०२१ च्या मॉडेलसाठी जी "मूळ" काच दिसते ती बहुधा तिसऱ्याच निर्मात्याची, किंवा जुन्या टॅबलेटवरून काढलेली असते. पुढे परिस्थिती सुधारेल. युरोपीय संघाचा २०२३/१६७० हा नियम २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटांना लागू झाला आहे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ७ वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवण्याचे बंधन त्याने उत्पादकांवर घातले आहे.

आज आपण करू शकतो ते एवढेच की, मागच्या बाजूला छापलेला मॉडेल क्रमांक जुळवून काच मागवावी, कारण शेजारच्या पिढ्यांच्या काचा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचे कनेक्टर जुळतीलच असे नाही. कडेला डिंकाची पट्टी आधीच लावलेली आणि कॅमेऱ्याची चौकट बसवलेली काच घ्यावी. परत घेण्याची अट वाचावी. बहुतेक विक्रेते पट्टीवरचे संरक्षक कागद काढल्यावर काच परत घेत नाहीत. आपण पेनने लिहीत असाल तर हेही लक्षात असू द्या की हलक्या दर्जाच्या काचेवर बोट उत्तम चालते, पण पेनची तिरकी रेघ नागमोडी उमटते. केवळ वाचनासाठी वापर असेल तर त्याने काही अडत नाही.

गगनभरारी

सूक्ष्मदर्शी, इतके स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार. विम्याची कागदपत्रे पाहिली, मुदत अजून शिल्लक आहे. उघडण्याचा विचार सोडून दिला आहे.

वाचनवेडी

सर्व वाचून मी असे ठरवले आहे. पेनचा वापर मी करत नाही, पॅनेल शाबूत आहे, काच सुटी निघते, बॅटरी फुगलेली नाही आणि प्रत हाती आहे. त्यामुळे काच बदलण्याचे काम मी स्वतः करणार आहे. चौकटीचा कोपरा मात्र स्वतः सरळ करणार नाही. माझ्या परिचयाच्या एका यंत्रकारागिरांकडे बारीक पकडी आणि कानशी आहेत; काच काढून, बॅटरीची जोडणी तोडून आणि आतली बाजू झाकून मी टॅबलेट त्यांच्यापाशी नेईन. टॅबलेट कायमचा बंद पडला तर काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. तसे झाले तर वाईट वाटेल, पण त्यावाचून काम अडणार नाही. अडणार असते तर निळावंतीताईंचा सल्ला मी निमूटपणे मानला असता. डोळ्यांसाठी बंद कडांचा गॉगल आणि जाड हातमोजे घेतले आहेत. आणखी काही सुटले असेल तर कृपया सांगावे.

निळावंती

विचारपूर्वक ठरवले आहे, आता विरोध नाही. काम अशा जागी करा जिथून टॅबलेट एका हाताने उचलून मोकळ्यावर नेता येईल, आणि शेजारी धातूच्या डब्यात कोरडी वाळू ठेवा. गोडसर, द्रावकासारखा वास आला किंवा फुसफुस ऐकू आली, तर हातातले काम तिथेच टाकून टॅबलेट बाहेर न्या. बॅटरी वाचवण्याचा प्रयत्न करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची वेळ आली तरी चालेल, पण थकल्यावर काम पुढे रेटू नका.

सुटेभाग

क्रमाबद्दल थोडे सांगतो, कारण पॅनेलचा उजेड जाण्याचे प्रसंग इथेच घडतात.

सर्वप्रथम संपूर्ण काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टीचे आडवे थर एकावर एक चढवून लावा, म्हणजे तुकडे एकसंध राहतील. सुरुवात चुरलेल्या कोपऱ्यापासून करू नका. जिथे काच सलग आहे अशा कडेपासून करा, कारण पाकळीला टेकायला अखंड काठ लागतो. डिंक सुटत असताना काळे चिकट तंतू ताणलेले दिसतात. पाकळी पुढे सरकवली की एक जागच्या जागी ठेवून दुसरी घाला, नाहीतर मागचा भाग थंड होऊन पुन्हा चिकटतो. टचच्या केबल एका बाजूला काठाच्या अगदी जवळून जातात. ती बाजू कोणती, ते आपल्याच मॉडेलच्या मार्गदर्शिकेत पाहा आणि ती कड सर्वांत शेवटी सोडवा. काच सुटली की ती झटकन उचलू नका. पुस्तक उघडावे तशी त्या केबलच्या बाजूला वळवून ठेवा.

टचचे कनेक्टर पॅनेलच्या खाली असतात, म्हणून पॅनेलचे कोपऱ्यांतले स्क्रू काढून ते हळूच उलटावे लागते. त्यानंतर कोणताही कनेक्टर काढण्याआधी बॅटरीची जोडणी तोडा. या मालिकेत बॅटरीचा कनेक्टर सरळ उपटता येत नाही, तिच्या जोडणीचा स्क्रू काढून बोर्डाखाली पातळ विलगक पट्टी सरकवावी लागते. बॅटरी जोडलेली असताना पॅनेलची केबल काढली किंवा घातली, तर बोर्डावरचा बॅकलाइटचा अतिसूक्ष्म घटक जळतो, आणि मग शाबूत पॅनेल असूनही चित्र अंधारात राहते. तो घटक बदलणे घरचे काम नव्हे.

जुन्या डिंकाचे अवशेष प्लॅस्टिकच्या खरडणीने काढून चौकट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अल्कोहोल कापडावर घ्यायचे, टॅबलेटवर ओतायचे नाही. पॅनेलवर काचेचा कण राहिला तर तो बंद काचेखाली कायम दिसतो, शिवाय दाबाने पॅनेलला खुपतो. हाताने दाबायच्या रबरी फुग्याच्या हवेच्या पंपाने कण उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात.

नवी काच जोडल्यावर डिंकाचे कागद काढण्यापूर्वी टॅबलेट चालू करा. चिन्ह पुन्हा सबंध पडद्यावर फिरवून पाहा, चारही कोपऱ्यांत आणि अगदी कडेपर्यंत. उजेड कमी-जास्त होतो का, बोटाचा ठसा ओळखला जातो का, पुढचा कॅमेरा स्वच्छ दिसतो का, चार्जिंग आणि वाय-फाय चालतात का, चुंबकाचे कव्हर बंद केल्यावर पडदा मिटतो का, हे सर्व तपासा. काही चुकत असेल तर टॅबलेट बंद करून, बॅटरी पुन्हा तोडून, मगच कनेक्टरला हात लावा. बहुतेक वेळा एखादा कनेक्टर पुरता बसलेला नसतो. सगळे ठीक असेल तर काच चिकटवा, तिच्यावर समान वजनाची जाड पुस्तके ठेवा आणि रात्रभर हलवू नका. जुनी काच तिच्या चिकटपट्टीसकट पुठ्ठ्यात गुंडाळून ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका, उचलणाऱ्याचा हात कापतो. कोपरा सरळ झाल्यावर, काच बसवण्याआधी त्याचे छायाचित्र इथे टाकलेत तर मी पाहून सांगेन.